कोंडी आणि कोंडो यांतला फरक सांभाळणारं झेरॉक्सचं दुकान

पीएच.डी.चा प्रबंध कुठून टाइप करून घेतला, असं गेल्या दोन महिन्यांत मला चार जणांनी विचारलं. चौघांचीही गत माझ्यासारखीच: नोकरी तालुक्याच्या कॉलेजात, घर खेड्यात, गाइड अमरावतीला आणि विषय असा की पानापानावर समीकरणं. फोनवर दर वेळी अर्धीमुर्धी गोष्ट सांगून होते, म्हणून एकदाच सविस्तर लिहून राहिले आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या बसस्थानकावर उतरा आणि कोणत्याही पानठेल्यावर "थीसिसवालं झेरॉक्स" विचारा. पाटीवरचं नाव मी लिहीत नाही. "नाव नका टाकू मॅडम, हाये तेच काम आवरत नाई आमच्यानं," असं दुकान चालवणाऱ्या भाऊ-वहिनींपैकी वहिनींनी बजावून ठेवलं आहे. दुकान दहा बाय बाराचं. एक मोठं झेरॉक्स मशीन, एक लेझर प्रिंटर, एक रंगीत इंकजेट, दोन कॉम्प्युटर आणि मागच्या भिंतीला बायंडिंगचा शिकंजा. सकाळी गर्दी असते ती सातबारा, पीक विमा आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची. भाऊ मशीन, बायंडिंग आणि कोरल ड्रॉ हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर सांभाळतात. टायपिंग सगळं वहिनींकडे. शिक्षण बारावी, टायपिंगची परीक्षा मराठी चाळीस आणि इंग्रजी चाळीस. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या प्रबंधातल्या ज्या चुका त्यांनी पकडल्या, त्या पकडायला पदवी लागत नाही, पानाकडे पाहावं लागतं.

माझा विषय सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गॅलियम आर्सेनाइडसारख्या अर्धवाहकाच्या थरात, वरून धातूच्या बारीक पट्ट्या टाकून, त्यांना विजेचा दाब देऊन इलेक्ट्रॉनांसाठी एक चिमुकली जागा कोंडून घेता येते. काही शे नॅनोमीटरची, कधी त्याहून लहान. हा क्वांटम डॉट. त्याला एका बाजूने इलेक्ट्रॉन आणणारी तार, दुसऱ्या बाजूने नेणारी, आणि आत किती इलेक्ट्रॉन राहतील ते ठरवणारी तिसरी, गेट. एकेक इलेक्ट्रॉन मोजून आत घेता येतो. असे दोन डॉट शेजारी ठेवले, तर इलेक्ट्रॉनाला पलीकडे जायला एकाहून जास्त वाटा मिळतात. तो लहरीसारखा दोन्ही वाटांनी जातो आणि त्या लहरी पुढे भेटल्या की काही ठिकाणी एकमेकींना वाढवतात, काही ठिकाणी पुसून टाकतात. त्यात इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. ढकलाढकलीमुळे त्या पुसण्याचं काय होतं, हा माझा प्रश्न. प्रयोगशाळा लागत नाही. कागद, पेन आणि एक जुना लॅपटॉप एवढ्यावर नऊ वर्षं काढली.

भाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "टीव्हीत असते तेच का मॅडम क्वांटम डॉट?" प्रश्न रास्त आहे. टीव्हीतले डॉट म्हणजे द्रावणात तयार केलेले, प्रकाश देणारे कण. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना मिळालं ते अशा चिमुकल्या कणांच्या शोधासाठी आणि ते तयार करण्यासाठी. जात एकच, धंदा वेगळा. माझे डॉट उजेड पाडत नाहीत, ते वीज जाऊ देतात किंवा अडवतात.

पहिला मसुदा मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या डीटीपी सेंटरात करून घेतला होता. नाव नको. एसी होता, टोकन पद्धत होती, अकरा दिवसांत काम हातात आलं. घरी येऊन उघडलं तर दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्याच समीकरणात डॅगर (†) या चिन्हाच्या जागी रिकाम्या चौकटी. वर जाणारा आणि खाली येणारा बाण, त्यांच्याही जागी चौकटी. पुन्हा गेले तर म्हणाले, प्रिंटमध्ये दिसेल. प्रिंटमध्येही चौकटीच.

हे फक्त दिसण्याचं प्रकरण नाही. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९६१ साली मांडलेलं जे मॉडेल माझ्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे, त्यात डॉटमधले इलेक्ट्रॉन मोजायचं काम 'डी डॅगर डी' या जोडीकडे असतं. साधा डी इलेक्ट्रॉन उचलतो, डॅगरवाला डी तो परत ठेवतो. कोठीत हात घालून दाणा उचलला आणि परत ठेवला, म्हणजे दाणा होता हे कळलं. हातात काही आलंच नाही, तर शून्य. डॅगर उडाला की राहतात दोन उचलणारे डी, आणि एकाच जागेवरून तोच इलेक्ट्रॉन दोनदा उचलता येत नाही, म्हणून सगळं पद शून्य. बाणांचंही तसंच. वरचा बाण आणि खालचा बाण म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या फिरकीच्या दोन दिशा. दोघं एकाच वेळी डॉटमध्ये असतील तरच ढकलण्याची ऊर्जा यू मोजायची. दोन्ही बाणांच्या जागी एकच चौकट छापली, तर गणिताच्या दृष्टीने ती एकाच इलेक्ट्रॉनाची दोनदा गणती होते आणि यू नुसता पातळी वर सरकवून मोकळा होतो. प्रबंधाच्या नावात 'परस्परक्रिया' आहे आणि आतल्या पानावर तीच नाही.

ते बाड घेऊन मी नेरला आले. वहिनींनी पान दोन-तीनदा खालीवर पाहिलं, मग माझ्या हस्तलिखिताशी लावून पाहिलं.

"हे क्रुसासारखं काय होय मॅडम?"

मी वर लिहिलं तेच सांगितलं, कोठी आणि दाण्याचं.

"म्हणजे हे चिन्ह नाई तर उचललं, पण ठेवायचंच राह्यलं."

मला हे वाक्य इतकं नेमकं वाटलं की मी ते वहीत लिहून घेतलं. त्यानंतर त्यांनी मला एका कोऱ्या कागदावर सगळी चिन्हं मोठ्या अक्षरात लिहायला लावली, प्रत्येकासमोर एका ओळीत त्याचं काम. तो कागद मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने लागला. एकूण १६८ पानं, त्यांतली ७४ समीकरणांची. मी नंतर एकेक डॅगर मोजत गेले. एकही सांडला नव्हता.

आता आकृत्यांबद्दल, कारण खरा जीव तिथे अडकला होता.

चौथ्या प्रकरणात एक रचना आहे: एक डॉट तारांच्या मधोमध, दुसरा त्याच्या बाजूला लोंबलेला, इंग्रजी टी अक्षरासारखा. बाजूच्या डॉटला तारांशी काही देणंघेणं नाही, तो फक्त मधल्याशी बोलतो. इलेक्ट्रॉन सरळ जाऊ शकतो किंवा बाजूला डोकावून परत येऊन जाऊ शकतो. इलेक्ट्रॉनाची ऊर्जा नेमकी बाजूच्या डॉटच्या पातळीएवढी असेल, तर या दोन वाटांच्या लहरी एकमेकींना पूर्ण पुसतात. वहन, म्हणजे वीज पलीकडे जाणं, कमी होत नाही, शून्य होतं. आलेखात डोंगर आणि डोंगराच्या बरोबर माथ्यावर तळापर्यंत गेलेली एक चीर.

ती चीर किती रुंद? मधल्या डॉटचं तारांशी नातं जे दाखवते ती गॅमा ही राशी. दोन डॉटमधली जोडणी मी गॅमाच्या पाचव्या हिश्श्याएवढी घेतली होती. मग चिरेची अर्धी रुंदी येते गॅमाचा पंचविसावा हिस्सा. माझा आलेख उणे पाच गॅमापासून अधिक पाच गॅमापर्यंत, कागदावर १२ सेंटिमीटर. हिशेब केला की चीर जेमतेम एक मिलिमीटर. नखाने झाकेल एवढी. आणि माझ्या चौथ्या प्रकरणाचा सगळा निकाल त्या एका मिलिमीटरात.

त्या मोठ्या सेंटरने माझ्या आकृतीचा स्क्रीनशॉट काढून वर्डमध्ये डकवला होता. चीर पसरली, बुजली, आणि शून्याच्या जागी उथळ खळगा दिसायला लागला. गाइडने लाल पेनाने गोल करून लिहिलं होतं, "शून्य कुठे आहे?" त्या रात्री मला झोप आली नाही. गणित बरोबर आणि चित्र खोटं, असं काम दाखल करायची कल्पनाच सहन होत नव्हती.

नेरला भाऊंनी पहिली गोष्ट विचारली ती मूळ फाइलची. मी पायथन या संगणकाच्या भाषेतून काढलेली आकृती पीडीएफमध्ये होती, रेषा रेषेच्याच रूपात. ती त्यांनी कोरलमध्ये उघडली, मोठी करत करत चिरेपर्यंत गेले आणि म्हणाले, "लाइन तर खालपर्यंत जाऊन राहिली. मंग दिसत कामून नाई?" प्रिंट काढून भिंगाखाली धरल्यावर कारण सापडलं. चीर तळाला टेकते तिथेच आडव्या अक्षाची जाड काळी रेघ होती, आणि तिने टोक गिळलं होतं. भाऊंनी अक्ष थोडा खाली घेतला, शून्याच्या पातळीवर बारीक तुटक रेघ टाकली, आलेखाची रेषा अर्ध्या पॉइंटची केली. पुन्हा प्रिंट. टोक तुटक रेघेला टेकलेलं साध्या डोळ्यांना दिसत होतं. टोनर कमी असल्यामुळे एका प्रतीत रेषा मध्येच फिकी झाली, तर ते पान त्यांनी मला न विचारता बाजूला टाकलं आणि नवीन काडतूस लावून पाचही प्रतींसाठी ते पान परत काढलं. पैसे लावले नाहीत.

उभ्या अक्षावर वहनाचं एकक आहे, 'टू ई स्क्वेअर बाय एच'; ई म्हणजे इलेक्ट्रॉनाचा विद्युत प्रभार, एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक. याच्या उलट म्हणजे सुमारे १२.९ किलोओहम रोध. एका वाटेने इलेक्ट्रॉन बिनअडथळा गेले तरी दोन्ही फिरक्या मिळून एवढा रोध असतोच. १९८८ साली हॉलंड आणि इंग्लंडमधल्या दोन गटांनी हे पायऱ्यापायऱ्यांनी वाढणारं वहन मोजलं. यातला ई वरचा छोटा दोन खाली घसरला की एककच बदलतं. वहिनींनी तो सगळीकडे वरच ठेवला.

पुढच्या पानावर त्या थांबल्या.

"मॅडम, आधीच्या चित्रात खड्डा एकच होता. याच्यात दोन हायेत. अन् खड्ड्याच्या बाजूले हा सुळका कायचा? चुकून दुसरी फाइल तर नाई आली?"

चुकलं नव्हतं. तोच तर निकाल होता. पहिल्या आकृतीत इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत नाहीत असं मानलं होतं, दुसरीत ढकलतात. बाजूच्या डॉटमध्ये कोणी नसेल तर येणाऱ्याला एक पातळी दिसते. आधीच एक जण बसलेला असेल तर यू एवढी जास्त ऊर्जा मोजावी लागते, म्हणजे दुसरी पातळी दिसते. त्यामुळे एका शून्याची दोन शून्यं होतात आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजे यू. मी यू चार गॅमा घेतला होता. वहिनींनी पट्टी लावली: ४.८ सेंटिमीटर. १२ सेंटिमीटरला दहा गॅमा, म्हणजे चार गॅमाला ४.८. बरोबर. आणि सुळका असा की ही शून्यं आता डोंगराच्या माथ्यावर नाहीत, उतारावर आहेत. उतारावर पुसणं आणि वाढवणं अगदी शेजारी येतात. एका बाजूला चीर, तिला खेटून बाहेरच्या अंगाला टोक. हा एकांगी आकार भौतिकशास्त्रज्ञ उगो फानो यांच्या नावाने ओळखला जातो. १९६१ च्या त्यांच्या लेखातलं सूत्र आजही वापरतात. टोकियोच्या गटाने २००२ साली एका कड्याच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या बांगडीसारख्या गोल वाटेच्या, एका हातात डॉट बसवून, चुंबकीय क्षेत्र बदलून हा आकार डावीउजवीकडे वळवूनही दाखवला.

एवढं सांगून झालं, पण वहिनींच्या चेहऱ्यावर एक प्रश्न राहिला होता आणि तो योग्यच होता. बाजूला लोंबलेली वस्तू, जी रस्त्यात नाहीच, ती रस्ता बंद कसा करते?

मी दोरा मागितला. बायंडिंगचा मेणलेला दोरा मिळाला. शटरच्या कुलपाच्या किल्ल्यांचा जुडगा त्याला बांधला, आणि जुडग्याच्या खाली पुन्हा दोरा बांधून त्याला एक मोठी रबरी शिक्क्याची मूठ टांगली. खालचा दोरा मोजून २५ सेंटिमीटरचा, वीतभराहून थोडा जास्त. एवढ्या लांबीच्या लोलकाचा एक झोका साधारण एका सेकंदाचा असतो. वरचं टोक हातात धरून, भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीवर, सेकंदाला एक असा अगदी हलका हात डावीउजवीकडे हलवायला लागले. सुरुवातीला दोन्ही वस्तू वेड्यावाकड्या हलल्या. मग हळूहळू खालचा शिक्का झोके घेऊ लागला आणि किल्ल्यांचा जुडगा जवळजवळ जागच्या जागी उभा राहिला. हात हलतो आहे, खालचं हलतं आहे, मधलं स्तब्ध. खालचा लोलक मधल्याला प्रत्येक क्षणी नेमका उलटा ओढतो, हाताच्या बरोबर विरुद्ध. हात जरा भरभर हलवला की जुडगा लगेच हलायला लागतो. बाजूचा डॉट मधल्याचं हेच करतो, आणि तेही त्याच्या स्वतःच्या एकाच ऊर्जेवर.

सातबारासाठी उभा असलेला एक शेतकरी म्हणाला, "पुन्हा करून दाखवा जी." तीनदा करून दाखवलं. अकरावी-बारावीच्या वर्गात मी आता हे दर वर्षी करते. आधी कधी सुचलं नव्हतं.

इथे एक तक्रारही नोंदवते. कड्याच्या आकृतीत भाऊंनी नको तो हात मारला. आहारोनोव्ह आणि बोम या भौतिकशास्त्रज्ञांचं म्हणणं १९५९ चं: कड्याच्या पोकळीतून चुंबकीय क्षेत्र गेलं, तर दोन हातांनी आलेल्या लहरींमध्ये फरक पडतो, जरी त्या स्वतः क्षेत्राला शिवल्या नाहीत तरी. एक वर्ग मायक्रोमीटरच्या कड्याला सुमारे ४.१ मिलिटेस्लाने एक पूर्ण फेरा होतो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत १९९५ साली याकोबी, हाइब्लुम आणि सहकाऱ्यांनी अशा कड्याच्या हातात डॉट ठेवून, डॉटमधून जातानाही इलेक्ट्रॉनाची लहर काही अंशी टिकते हे दाखवलं. पण त्यांच्या कड्याला दोनच तारा होत्या, आणि दोन तारांच्या कड्यात कलांतर, म्हणजे एक लहर दुसरीच्या किती पुढेमागे आहे ते, शून्य किंवा अर्धा फेरा एवढंच मिळतं, मधलं काही नाही. म्हणून १९९७ च्या प्रयोगात त्याच संस्थेच्या गटाने कड्याला जास्तीच्या तारा जोडल्या, काही इलेक्ट्रॉन मुद्दाम बाहेर गळू दिले, तेव्हा कला सलग मोजता आली. माझ्या आकृतीत त्या जास्तीच्या तारा होत्या. भाऊंना त्या अर्धवट सुटलेल्या फालतू रेघा वाटल्या आणि त्यांनी चित्र "साफ" केलं. हेतू चांगला, परिणाम असा की १९९७ ची आकृती १९९५ ची झाली. मी वेळेत पाहिलं म्हणून निभावलं. तेव्हा आकृती देताना "यातलं काहीही पुसू नका" हे तोंडी नाही, कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं दुपारच्या गर्दीत राहत नाही.

रंगीत प्रिंट इथे काढू नका. माझी सहा पानं रंगीत नकाशांची होती, गेटचा दाब आडवा, तारांमधला दाब उभा आणि वहन रंगात. त्यात इलेक्ट्रॉन अडलेले भाग चौकोनी तिरक्या आकाराचे काळे दिसतात. इंग्रजीत त्यांना हिरे म्हणतात, वहिनींनी बघताक्षणी शंकरपाळे म्हटलं आणि माझ्या तोंडी आता तेच बसलं आहे. शंकरपाळ्याची उंची म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्त घेण्याची किंमत. गॅलियम आर्सेनाइडच्या डॉटमध्ये ती एक मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, तर आपल्या खोलीच्या तापमानाची ऊर्जाच पंचवीस; म्हणून हे प्रयोग एका केल्व्हिनच्याही खाली, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, करावे लागतात. दुकानाचा इंकजेट गडद निळा आणि काळा सारखेच छापतो. शंकरपाळ्याची कड आणि त्याच्या आतली फिकट रेघ दोन्ही बुडाल्या. भाऊंनी स्वतःच सांगितलं, "हे अमरावतीले काढा, माह्या मशीनचं काम नोहे." मी काढून आणली, त्यांनी ती बायंडिंगमध्ये बसवली.

आता शीर्षकातली गोष्ट.

प्रबंध इंग्रजीत, पण मी त्याला वीस पानांचा मराठी सारांश जोडला. त्यासाठी शब्द घडवावे लागले. एक इलेक्ट्रॉन आत असल्यामुळे दुसरा अडतो, त्याला मी 'कूलॉम्ब कोंडी' म्हटलं. अडवणूक, रोध असे पर्याय होते, पण कोंडी हा आपला जिवंत शब्द आहे. बाजाराच्या दिवशी चौकात होते ती. अडचण अशी की माझ्या विषयात याच्या बरोबर उलटी घटना आहे आणि तिचं नाव कोंडो.

जुन कोंडो हे जपानी भौतिकशास्त्रज्ञ, २०२२ साली गेले. १९३४ मध्ये सोन्याच्या तारेवर मोजमाप करणाऱ्यांना दिसलं होतं की थंड करत नेलं तर रोध कमी होत होत एका तापमानानंतर पुन्हा वाढतो. तीस वर्षं कोणाला नीट उलगडलं नाही. कोंडोंनी १९६४ साली सांगितलं की धातूत मिसळलेल्या चुंबकीय अणूंच्या फिरकीवर इलेक्ट्रॉन आदळले की दोघांच्या फिरक्या उलटतात, आणि थंडी वाढेल तसं हे आदळणं वाढतं. धातूत यामुळे रोध वाढतो. डॉटमध्ये मात्र उलट. तिथे एकटा राहिलेला इलेक्ट्रॉन हाच तो चुंबकीय अणू, आणि पलीकडे जायची वाट त्याच्यातूनच. तारांमधले इलेक्ट्रॉन त्याच्या फिरकीशी जोडी जमवायला त्याच्याभोवती गोळा होतात आणि त्या जमवाजमवीतून, जिथे कोंडी असायला हवी तिथेच, वाट उघडते. १९८८ साली ग्लाझमन आणि राइख यांनी, तसंच एन्ग आणि ली यांनी हे गणिताने सांगितलं. १९९८ साली अमेरिकेतल्या एमआयटीत गोल्डहेबर-गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या गटाने ते मोजून दाखवलं. २००० साली डेल्फ्टलाच वहन जवळजवळ पूर्ण 'टू ई स्क्वेअर बाय एच'पर्यंत पोचलं. माझी गणिताची रीत कोंडो तापमानाच्या, म्हणजे ज्याच्या खाली ही जमवाजमव जोर धरते त्या तापमानाच्या, वरच भरवशाची आहे, खाली नाही, हे मी सारांशात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून तर हे दोन शब्द एकमेकांत मिसळणं मला परवडणारं नव्हतं.

आणि नेमकं तेच झालं. वहिनी दोन दिवस माहेरी गेल्या होत्या. मदतीला आलेल्या मुलाला वाटलं, एकच शब्द दोन तऱ्हेने टाइप झाला आहे. त्याने एका झटक्यात सगळे 'कोंडो' बदलून 'कोंडी' केले. एका ओकाराची वेलांटी, आणि 'कोंडोमुळे वाट उघडते' याचं 'कोंडीमुळे वाट उघडते' झालं.

मी पोचले तेव्हा वहिनी परतल्या होत्या आणि सारांशाची प्रिंट पुढे घेऊन पेन्सिलीने खुणा करत बसल्या होत्या. मी बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "याच्यात घोळ झाला मॅडम. कोंडी झाली तर वीज थांबते असं तुमी पयले लिहिलं. मंग सातव्या पानावर कोंडीनं वाट मोकळी होते, हे कसं होईन? इथं तो जपानचा माणूस पाह्यजे नं."

पंचेचाळीस जागा होत्या. जिथे वीज अडते तिथे कोंडी ठेवायची, जिथे जाते तिथे कोंडो करायचं, या एका कसोटीवर त्यांनी माझं हस्तलिखित न बघता त्या लावल्या. मी नंतर मूळ कागदाशी ताडून पाहिलं. चव्वेचाळीस बरोबर. पंचेचाळिसाव्या वाक्यात मीच इतकं गुंतागुंतीचं लिहिलं होतं की दोन्ही अर्थ निघत होते. ते वाक्य मी मोडून दोन केली. माझ्या सारांशाचा याहून चांगला वाचक मला अमरावतीत किंवा नागपुरात मिळाला असता, असं मला वाटत नाही.

खर्च: साध्या पानाला ३० रुपये, समीकरणांच्या पानाला ५०, म्हणजे टायपिंगचे ६,५२०. पाच प्रतींच्या काळ्या प्रिंटचे १,६२०. मरून रेक्झिनचं बायंडिंग, कण्यावर सोनेरी अक्षरं, प्रतीला २८०, म्हणजे १,४००. एकूण ९,५४०. त्या मोठ्या सेंटरात नुसत्या टायपिंगचेच साडेआठ हजार गेले होते. दुरुस्तीचे वेगळे पैसे वहिनी घेत नाहीत, चूक त्यांची असो की आपली.

वेळ मात्र हाताशी ठेवा. मला सहा आठवडे लागले. शिष्यवृत्तीचे अर्ज आणि पीक विम्याची मुदत आली की प्रबंध बाजूला पडतो, आणि तो पडायलाच हवा. मुदत चुकली तर शेतकऱ्याचं नुकसान आपल्यापेक्षा मोठं आहे. वीज गेली की इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालतो, प्रिंटर नाही. बायंडिंगही पाहून घ्या: माझ्या एका प्रतीत दोन पानं उलटी बांधली गेली होती, ती प्रत उसवून पुन्हा बांधून दिली, पण ते आपल्यालाच बघावं लागतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो रंगीत प्रिंट आणि पुसलेल्या तारांसाठी.

सकाळी गर्दीत जाऊ नका, दुपारी तीननंतर जा. जाताना चिन्हांची यादी वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरात आणि प्रत्येकासमोर त्याचं काम लिहून न्या. मॉनिटरच्या उजव्या कडेला माझी अजून चिकटलेली आहे, डॅगरपासून सुरू होणारी. वहिनींना सांगा ती काढून तिथे तुमची लावायला.